मुळा-प्रवराची लाईट

(दृश्य : पहाट. श्रीरामपूरजवळचा ऊस. बांधावर सिमेंटचा खांब. लांब कुठेतरी विहिरीवरची मोटार सुरू झाल्याचा आवाज.)

राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यात चाळीस वर्षं लाईट गेली, की लोक बोर्डाच्या नावानं बोटं मोडत नसत. सोसायटीच्या नावानं मोडत. खांब सोसायटीचे, तारा सोसायटीच्या, डीपी सोसायटीची, खांबावर चढणारा वायरमन सोसायटीचा आणि बिलही सोसायटीचंच. मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी. नाव दोन नद्यांचं. मालक कोण, तर ज्यांच्या घरात दिवा लागतो ते. बाकी महाराष्ट्रात वीज सरकारी मंडळाची, मुंबईत कंपन्यांची आणि बेस्टची, इथे सभासदांची.

आज कुणी म्हणालं, की गावाची स्वतःची वीज संस्था असावी, तर ते एखाद्या परदेशी परिषदेतून उचलून आणलेलं स्वप्न वाटतं. नगर जिल्ह्यानं ते पन्नासेक वर्षांपूर्वीच करून पाहिलं. चालवलं. आणि गमावलं. ते कसं गमावलं हे बघितल्याशिवाय सोलरच्या सहकारी संस्थांवर बोलणं म्हणजे पाया न खोदता माळवद घालणं. म्हणून सुरुवात इथून.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. माळरान, घोडागाडी, लाकडी खांब उभे करणारी माणसं.)

या सोसायटीचं मूळ मात्र नगरमध्ये नाही, अमेरिकेत आहे. १९३०च्या दशकाच्या मध्यावर तिथे शहरातल्या दहापैकी नऊ घरांत वीज होती आणि शेतावरच्या दहापैकी जेमतेम एका घरात. वीज कंपन्यांचा हिशेब सरळ होता. दोन मैल तार ओढायची आणि पलीकडे गिऱ्हाईक एकच, कशाला? १९३५मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा आला आणि सरकारनं लांब मुदतीचं स्वस्त कर्ज देऊ केलं. कंपन्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. शेतकऱ्यांना वाटला. त्यांनी संस्था काढल्या, कर्ज उचललं, खांब रोवले. आज तिथे अशा सुमारे ९०० संस्था आहेत. चार कोटींहून जास्त लोकांना त्या वीज देतात आणि देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांचं जाळं आहे. खासगी भांडवलाचं गुणगान करणाऱ्या देशात हे घडलं, ही गंमत सोडून द्या. मुद्दा कर्जाचा आहे. आधी स्वस्त कर्ज आलं, मागून सहकार.

साठच्या दशकात त्याच संस्थांच्या महासंघाचे तज्ज्ञ भारतात आले. जुलै १९६९मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि देशात पाच ठिकाणी प्रयोग ठरला. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. गुजरातेत कोडीनार. कर्नाटकात हुक्केरी. आंध्रात, म्हणजे आताच्या तेलंगणात, सिरसिल्ला. आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक.

(दृश्य : प्रवरानगर. कारखान्याची चिमणी, गव्हाणीत पडणारा ऊस.)

महाराष्ट्रात या प्रयोगाला प्रवरेचा काठ मिळावा, यात नवल नव्हतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी इथेच आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला होता. १९५०च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. शेअर म्हणजे काय, सभासद म्हणजे काय, सर्वसाधारण सभेत चेअरमनला आडवे-तिडवे प्रश्न कसे विचारायचे, हे या भागाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सुरुवात चांगली झाली. विहिरींवर मोटारी बसल्या. मोटेच्या जागी पंप आला, की पीक बदलतं आणि पाठोपाठ गाव बदलतं. तसं इथेही झालं.

मग बिघडलं कुठे? नेहमीचं उत्तर तयार असतं : राजकारण, गैरकारभार, सहकार म्हणजे असंच. त्यात काही तथ्य असेलही. पण त्या उत्तरावर थांबलो, तर खरी गोष्ट हातातून निसटते. खरी गोष्ट दोन भावांची आहे : वीज घेण्याच्या आणि विकण्याच्या.

सोसायटी स्वतः वीज तयार करत नव्हती. ती मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि गावात विकायची. घेण्याचा भाव तिच्या हातात नव्हता. विकण्याचाही नव्हता. सत्तरच्या दशकात राज्यानं शेतीपंपांची मीटरवरची आकारणी सोडून एचपीवर आकारणी आणली. मोटार पाच एचपीची असेल तर वर्षाचे अमुक रुपये, मग ती दोन तास चालवा नाहीतर रात्रभर. शेतकऱ्याला बरं वाटलं. सरकारला मतं मिळाली. आणि विजेच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाच्या पायाखालची वाळू सरकायला लागली.

(दृश्य : पाच एचपीची जुनी मोटार, गंजलेली पेटी, स्टार्टर. मीटर नाही.)

मंडळाकडे निदान तोल सांभाळायला जागा होती. ठाणे-पुण्याचे कारखाने, दुकानं, मॉल यांच्याकडून जास्त भाव घ्यायचा आणि शेतीतला तोटा भरायचा. मुळा-प्रवराकडे काय होतं? ऊस, कांदा, विहिरी, शेतीपंप. गिऱ्हाइकांत भरणा शेतीचाच. श्रीमंत गिऱ्हाइकाकडून घेऊन गरीब गिऱ्हाइकाला द्यायचं, तर श्रीमंत गिऱ्हाईक आणायचं कुठून? त्यात आकडे टाकणारे होतेच, वसुलीत हात आखडणारे होते आणि निवडणूक जवळ आली की बिल मागायला जायचं कुणाच्या दारात, हाही प्रश्न होता. मालक आणि थकबाकीदार एकच माणूस असला, की संस्थेला फार वाकून चालावं लागतं.

मंडळाची देणी साठत गेली. आधी कोटींत, मग शेकडो कोटींत, शेवटी हजार कोटींच्याही पुढे. २०११च्या सुरुवातीला सोसायटीचा परवाना संपला आणि वीज नियामक आयोगानं हा भाग महावितरणकडे दिला. खांब आणि तारा मात्र सोसायटीच्याच होत्या, त्यामुळे त्यांच्या वापराचं भाडं किती, यावर पुढे वाद चालू राहिला. एकत्र कुटुंबाची वाटणी झाल्यावर माजघरातल्या कपाटावरून भांडण चालावं, तसा.

(दृश्य : पुणे-बंगळुरू महामार्ग. संकेश्वरची पाटी. वाळत घातलेल्या लाल मिरच्या.)

आता निपाणीच्या पुढे जरा खाली उतरू. हुक्केरी तालुका, बेळगाव जिल्हा. संकेश्वरी मिरची घरात भरणाऱ्यांना हा भाग ठाऊक असतो. पाचांपैकी इथली सोसायटी आजही वीज पुरवते. तिच्या संचालक मंडळाची निवडणूक आमदारकीच्या इरेनं लढली जाते. काहींना याचं हसू येईल. मला नाही येत. ज्या संस्थेत काहीच शिल्लक नाही, तिच्या खुर्चीसाठी कोण कशाला घाम गाळेल?

सिरसिल्लाही टिकली. तो यंत्रमागांचा गाव. सोलापूर आणि भिवंडीच्या मागांवर बसलेल्या कित्येक पद्मशाली घरांची मुळं तेलंगणाच्या याच पट्ट्यात आहेत. तेव्हा वीज सहकार मुळातच चालत नाही, हे म्हणणं खरं नाही. पाच भावंडांतली काही गेली म्हणून घराण्याला नावं ठेवण्यासारखं ते आहे.

(दृश्य : साखर कारखाना, रात्र. बगॅसचा डोंगर, बॉयलर, कारखान्याच्या मागच्या बाजूचं सबस्टेशन.)

आणि एक गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही. उसाचा रस काढला की उरतो तो बगॅस. तो बॉयलरमध्ये जाळून कारखाने वीज करतात, स्वतःपुरती ठेवतात आणि बाकीची महावितरणला विकतात. राज्यात अशा सहवीज प्रकल्पांची क्षमता २,००० मेगावॅटच्या वर आहे आणि त्यात सहकारी कारखान्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे सहकारी वीज महाराष्ट्रात आजही रोज तारांतून वाहते. तिला कुणी प्रयोग म्हणत नाही, तिच्यावर चर्चासत्रं भरत नाहीत. कारण ती केव्हाच रुळली. रुळली कशी, तर कारखान्यांच्या भागभांडवलात सरकारनं पैसे घातले, कर्जाला हमी दिली आणि विजेला लेखी करारानं भाव दिला. सभासदांची जिद्द होतीच. पण नुसत्या जिद्दीवर बॉयलर तापत नाही.

(दृश्य : माळरानावर ओळीनं लागलेली सोलर पॅनेल. तारेचं कुंपण. फाटकाशी रखवालदार. कुंपणाबाहेर चरणारा शेळ्यांचा कळप.)

आता आजचं चित्र. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. २०१७मध्ये पहिली, २०२३मध्ये दुसरी, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी. कल्पना उत्तम आहे. गावाच्या सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प, त्याची वीज त्याच फीडरवरच्या मोटारींना. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, सापाची भीती मनात धरून दारं धरायला जावं लागणं थांबलं, तर कुणाला नको आहे?

पण कुंपणाच्या आत मालक कोण आहे ते पाहा. खासगी जमीन भाड्यानं दिली, तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये मिळतात, दरवर्षी ३ टक्के वाढ. एकराला साधारण पन्नास हजार. माळाच्या जमिनीला हा भाव वाईट नाही, उलट चांगलाच आहे. तरी एक ढोबळ हिशेब करून बघू.

एक मेगावॅटला चारपाच एकर जमीन लागते. म्हणजे जमीनमालकाला वर्षाला दोन ते अडीच लाख. त्याच जागेवर वर्षाला पंधरा लाख युनिटच्या आसपास वीज होते. युनिटला तीन रुपयांच्या आसपास भाव धरला, तर पंचेचाळीस लाख. हा काही निव्वळ नफा नव्हे. उभारणीला चारएक कोटी लागतात, बँकेचे हप्ते आहेत, पॅनेल धुणं आहे, राखण आहे, विमा आहे. पण कर्ज फिटल्यावरही पॅनेल ऊन खातच राहतात. शंभर सभासदांनी लाख-लाखाचे शेअर घेतले, तर एक कोटी उभे राहतात. उरलेले तीन कोटी कर्ज. उसाच्या पट्ट्यात, दूध संघाच्या पट्ट्यात, हा आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही.

मग घडत का नाही? कागदावर कुणी अडवलेलं नाही. केंद्राच्या कुसुम या शेतीसाठीच्या सौर योजनेच्या पहिल्याच घटकात, अर्धा ते दोन मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी, शेतकरी, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या, सगळ्यांची नावं आहेत. प्रत्यक्षात हा घटक फार रेंगाळला. अनामत भरा, बँकेला पटवा, पहिला हप्ता येईपर्यंत दम धरा. आणि सर्वांत स्वस्त वीज देईल त्याला काम, अशी जिथे बोली लागते, तिथे देशभर शेकडो मेगावॅट एकदम उभारणारी कंपनी घाऊकात पॅनेल घेऊन येते. तिच्यासमोर गावची संस्था म्हणजे मार्केट यार्डात ट्रकवाल्याशेजारी पाटी घेऊन बसलेली म्हातारी. दोघांना एकच काटा, एकच लिलाव.

(दृश्य : जर्मनी. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात वसलेलं छोटं गाव, चर्चच्या छपरावर सोलर पॅनेल.)

बोलीनं सहकार कसा मारला जातो, हे जर्मनीनं पाहिलं आहे. तिथल्या शोनाउ नावाच्या अडीच हजार वस्तीच्या गावानं १९८६च्या चेर्नोबिल अपघातानंतर ठरवलं, की आपल्याला अणुवीज नको. शाळेत शिकवणाऱ्या उर्सुला स्लाडेक, त्यांचे डॉक्टर पती आणि शेजारीपाजारी. वीज कंपनी ऐकेना, म्हणून त्यांनी गावाचं जाळंच विकत घ्यायचं ठरवलं. दोनदा सार्वमत झालं, दोन्ही वेळा थोडक्यात जिंकले. कंपनीनं जाळ्याची किंमत सांगितली ८७ लाख मार्क. गावकऱ्यांच्या तज्ज्ञांच्या हिशेबात ती त्याच्या निम्मीही नव्हती. देशभरातून देणग्या गोळा करून, भाव मान्य नाही असं सांगत, त्यांनी पैसे मोजले आणि १ जुलै १९९७ रोजी तारा गावाच्या झाल्या. पुढे गावकऱ्यांनी काढलेल्या या कंपनीची सहकारी संस्था झाली.

शोनाउ एकटं राहिलं नाही, याचं कारण २००० सालचा कायदा. छपरावरची, शेतातली, गावातली, कुणाचीही वीज ठरलेल्या भावानं वीस वर्षं घ्यायचीच, असं तो कायदा म्हणत होता. त्या बळावर जर्मनीत शेकडो वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. नंतर सरकारनं ठरलेला भाव काढून लिलाव आणला. गावच्या संस्था मागे पडू नयेत म्हणून त्यांना सवलतीही दिल्या. २०१७मध्ये पवनऊर्जेचे पहिले लिलाव झाले आणि नव्वद टक्क्यांहून जास्त कामं 'नागरिकांच्या' संस्थांना गेली! आनंद फार टिकला नाही. त्यांतल्या बऱ्याच संस्था नावाला गावाच्या होत्या. मागे मोठे विकासक होते. सवलत सभासदाच्या नावावर, मलई भलत्याच्या ताटात. हा प्रकार समजायला महाराष्ट्रातल्या माणसाला जर्मन यावं लागत नाही.

डेन्मार्कनं दुसरी वाट काढली होती. २००९पासून तिथे पवनचक्क्या उभारणाऱ्याला किमान २० टक्के शेअर आधी जवळपास राहणाऱ्यांना देऊ करावे लागत. अकराएक वर्षांनी तो नियम गेला, पण कल्पना उचलण्यासारखी आहे. आपल्याकडच्या कुंपणाच्या आत गावाचा पाचवा हिस्सा असता, तर फाटकाशी रखवालदाराची गरज कमी भासली असती, असं मला वाटतं.

(दृश्य : खेडा जिल्हा, गुजरात. सपाट शेतं. डाकोरकडे पायी निघालेले भाविक. शेतात उंच खांबांवर पॅनेल.)

आता शेवटचा मुक्काम. ढुंडी, तालुका ठासरा, जिल्हा खेडा. १९४६मध्ये ज्या जिल्ह्यात दूध उत्पादकांचा संघ, म्हणजे अमूल, झाला, तोच हा जिल्हा. इथले काही शेतकरी डिझेलवर पाणी उपसत होते. २०१६मध्ये त्यांच्यातल्या सहा जणांनी एक संस्था नोंदवली : ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी. पाठीशी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था, म्हणजे तिथले संशोधक तुषार शाह आणि त्यांचे सहकारी. प्रत्येकाच्या शेतात सोलर पंप. सगळ्यांचे मिळून ५६ किलोवॅटच्या आसपास. पाणी देऊन झालं की उरलेली वीज एका ठिकाणी गोळा व्हायची आणि तिथून सरकारी वीज कंपनीच्या तारांत.

दूध डेअरीचीच रीत. सभासद आपापली किटली आणतो, संस्था मापते, टँकर एकदम उचलतो. इथे किटलीच्या जागी मीटर. वीज कंपनी एकाच मीटरचं वाचन घेते आणि पैसे संस्थेला देते. सभासदांचे मीटर संस्था वाचते आणि वाटणी करते. सहा शेतकऱ्यांकडे सहा वेळा माणूस पाठवण्यापेक्षा कंपनीला हे सोयीचं.

करार २५ वर्षांचा. भाव युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्यावर जल संस्थेनं काही काळ अडीच रुपयांचा बोनस दिला, निम्मा हरित विजेसाठी आणि निम्मा पाणी वाचवण्यासाठी. बदल्यात शेतकऱ्यांनी काय सोडलं? सवलतीच्या सरकारी वीज जोडणीवरचा हक्क, तोही २५ वर्षांसाठी. हे वाचताना मी थबकलो. स्वस्त विजेचा हक्क सोडून द्यायला एखादा शेतकरी राजी होतो, ही आपल्या राजकारणाला न पेलणारी गोष्ट आहे.

अर्थात, हातचं राखून न बोलता सांगायला हवं, की सुरुवातीचा बहुतेक खर्च प्रयोगाच्या पैशातून झाला. पहिल्या सहा जणांनी किलोवॅटला फक्त ५ हजार रुपये भरले. इतक्या मदतीवर कुठलंही गाव तयार होईल, असं कुणी म्हणालं तर त्याला खोटं पाडता येत नाही. पण पुढे आणखी तिघं आले. त्यांनी किलोवॅटला २५ हजार भरले. पाचपट. शेजाऱ्याच्या खात्यावर महिन्याला पैसे जमा होताना त्यांनी पाहिले होते. त्यांना पटवायला कुणी अधिकारी लागला नाही.

(दृश्य : ढुंडी. दुपार. पॅनेलची सावली जमिनीवर. पाण्याची चारी, अर्धी भरलेली.)

एचपीवरच्या बिलानं आपल्याकडे काय शिकवलं? मोटार सुरू करा आणि झोपा. बिल तेवढंच येणार. रात्रभर पाणी वाहिलं, वाफे तुंबले, विहिरीची पातळी हातभर खाली गेली, कुणाच्या खिशातून काही गेलं नाही. ढुंडीत मात्र प्रत्येक तासाला एक निर्णय आहे. दहा किलोवॅटच्या पॅनेलवर चांगल्या उन्हाच्या दिवशी चाळीसेक युनिट होतात. ते सगळे विकले तर दीडदोनशे रुपये, बोनस धरला तर त्याहून जास्त. मोटार चालवली, तर तेवढे गेले. पाणी फुकट राहिलेलं नाही आणि त्यासाठी कुणी दंडुका घेऊन उभंही नाही.

मुळा-प्रवराच्या सभासदाला हा निर्णय कधी घ्यावाच लागला नाही. त्याच्या मोटारीला मीटर नव्हता आणि त्याच्या संस्थेला स्वतःचा भाव नव्हता.

(दृश्य : गव्हाचं शेत, ओंबी भरायला आलेली. बांधावर उभा शेतकरी, पाठमोरा. तो वाकून माती चिमटीत घेतो, चुरतो.)

ओल आहे अजून. आजचा दिवस पाणी नाही दिलं तरी चालेल. तो चालत पेटीपाशी जातो, स्टार्टरचं लाल बटण दाबतो. मोटारीचा आवाज थांबतो.

(आवाज : वारा, लांबून एक बैलगाडी. कॅमेरा मीटरवर स्थिर. आकडे पुढे सरकत राहतात.)